विंचवाचे बिऱ्हाड आईच्या माहेरी

गाडीतच संडास आहे, हे कळल्यावर आई प्रवासाला तयार झाली.

तिचे वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गेली दहा-बारा वर्षे तिचे माझ्याकडे एकच मागणे होते, "मला एकदा माहेरी ने." माहेर काही काशी-रामेश्वराइतके लांब नाही. पेण तालुक्याच्या खारेपाटात, खाडीच्या काठी तिचे गाव आहे. आम्ही राहतो उलव्याला. मोटारीने निघाले तर चहा गार व्हायच्या आत पोचू, असे मी थट्टेने म्हणत असे. पण न्यायचे कसे? तिथे आता सख्खे माणूस कुणी नाही. घर पडले. लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, आणि दर दोन तासांनी लागणारी सोय रस्त्यात होत नाही. म्हणून "पावसाळा जाऊ दे", "उन्हाळा जाऊ दे" असे करीत मी ऋतूंमागून ऋतू घालवले.

अखेर वाट काढली ती भाच्याने. त्याच्या एका मित्राने लांबलचक टेम्पो घेऊन त्यात चक्क संसार मांडला आहे. दोन बाकांचे मिळून एक पलंग होतो, कोपऱ्यात शेगडी, वर दोन फळ्या, मागे कपाटाएवढे न्हाणीघर आणि खाली ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. याला कॅम्परव्हॅन म्हणतात. परदेशांत अशा गाड्या घेऊन माणसे महिनेच्या महिने भटकतात. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्या उभ्या करायला तळ, तिथे वीज-पाणी, सांडपाण्याची व्यवस्था असे पुष्कळ त्यात म्हटले आहे. पेण-रोह्याच्या आमच्या चार दिवसांच्या भ्रमंतीत असा तळ मला तरी कुठे भेटला नाही. आम्ही आपले देवळाच्या आवारात नाही तर शाळेच्या पटांगणाशेजारी, गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून मुक्काम करीत होतो. नाही कुणीच म्हटले नाही. गाडीत म्हातारी आहे म्हटल्यावर उलट चहा यायचा.

2025 च्या जानेवारीत, संक्रांतीला दोन दिवस असताना आम्ही निघालो. सौ. ने तिळाच्या लाडवांचा डबा दिला आणि "आईंची औषधे विसरू नका" हे चार वेळा सांगितले. भाचा चाकाशी, मी त्याच्या शेजारी, आणि आई मागे पलंगावर उशीला टेकून एखाद्या संस्थानिकासारखी. खारपाड्याचा पूल ओलांडताना तिने खिडकीचा पडदा सारला आणि पाताळगंगेला हात जोडले.

"आजी, आता पेण आलंच," भाचा म्हणाला.

"मला काय सांगतोस? वास आला मघाशीच," आई म्हणाली.

कसला वास ते तिने सांगितले नाही. मला तर डिझेलचाच येत होता.

पेणची ओळख आता गणपतीचे गाव म्हणून आहे, आणि ती खोटी नाही. शहराच्या अलीकडे हमरापूर लागते. तिथल्या आणि जोह्यासारख्या आसपासच्या गावांतल्या घराघरांतून वर्षभर मूर्ती घडतात. भाद्रपदाला सात-आठ महिने असताना हमरापुरात जावे. रंग नाहीत, डोळे नाहीत, नुसत्या पांढऱ्याफटक मूर्ती एकीवर एक फळ्यांवर बसलेल्या. भाच्याने फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा आईने त्याला दटावले. डोळे लिहिण्याआधी देवाचे चित्र काढू नये, असे तिचे शास्त्र. ते खरे की तिने तिथल्या तिथे रचले, ते देव जाणे. पेणेतून आम्ही पोहे आणि पापड घेतले. त्यासाठी पेणेत थांबला नाही असा मुंबईकर मी पाहिलेला नाही.

पहिला मुक्काम खोपोलीच्या रस्त्याला, गागोद्याच्या बाजूला केला. 11 सप्टेंबर 1895 रोजी याच गागोद्यात विनोबा भाव्यांचा जन्म झाला. त्यांनी 1951 साली तेलंगणात भूदान सुरू केले आणि पुढे वर्षानुवर्षे पायी हिंडून लोकांकडून जमिनी मागून घेतल्या. मी आईला हे सांगत होतो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मागून घेतली ती बरी. आमची समुद्राने न विचारता घेतली."

तिथून हेटवणे धरण जवळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या कुशीतले ते निळे पाणी गाडीच्या दारातून तिला दाखवले. मी तिला सहज म्हणालो, "आई, आपल्या उलव्याच्या नळाला येतं ते हेच पाणी. इथून नळाने तिकडे जातं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. घरून निघताना टाकी भरून घेतली होती, तिच्यातलाच.

"म्हणजे माझ्या माहेरचंच पाणी मला तू इतकी वर्षं पाजतोयस, आणि बोलला नाहीस?"

वाचकांना यातली मेख कळावी म्हणून खारेपाटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पेण आणि अलिबाग तालुक्यांतला खाडीलगतचा हा सपाट मुलूख निसर्गाने दिलेला नव्हे. माणसांनी समुद्राकडून हिसकून घेतलेला आहे. भरतीचे पाणी जिथे पसरायचे त्या खाजणाला चिखलाचे बांध घातले, आत पावसाचे पाणी साठवून मातीतले मीठ धुऊन काढले आणि तिथे भात लावला. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे एक झडप. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर जाते. भरतीला बाहेरचे पाणी तिला दाबून आपोआप बंद करते. बिनपगारी पहारेकरीच म्हणा! पण बांधाला एखाद्या चिंबोरीने भोक पाडले आणि उधाणाच्या रात्री ते कुणाच्या ध्यानात आले नाही, तर सकाळपर्यंत हातभर भोकाची गाडी जाईल एवढी वाट होते. तिला खांड जाणे म्हणतात. एकदा खांड गेली आणि खारे पाणी शेतात हिंडले, की पुढचे दोन-तीन पावसाळे ती माती धुतली जाईपर्यंत भाताचे नाव नको. पूर्वी बांधांची राखण गावे आपसांत करीत. 1948 साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला आणि सरकार त्यात आले, 1979 साली नवा कायदा झाला. कायदे झाले, पण बांधावर रात्री कंदील घेऊन फिरणारी माणसे मुंबईला नोकरीला गेली.

आणि गंमत पाहा. चहूबाजूंनी पाणी, पण प्यायला थेंब नाही. विहीर खणावी तर खारट. आई सांगते, चैत्र-वैशाखात पोरी पहाटे तीनला उठून कोसभर लांबच्या तळ्यावर हंडे घेऊन जात. एका हंड्यात सगळ्या घराने दिवस काढायचा. पुढे हेटवण्याचे धरण झाले, त्याचे पाणी नव्या मुंबईला गेले, आणि पायथ्याशी असलेल्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत राहिल्या. नव्या मुंबईच्या नळाखाली हात धुणाऱ्यांत मीही एक आहे, म्हणून कुणावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही. इथल्या लोकांना मात्र आपल्या पाण्याची किंमत पक्की ठाऊक आहे. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या तेव्हा 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांतल्या शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. जमिनी द्यायच्या की नाही यावर रांगा लावून मतदान! शेतकरी जमिनी सोडायला तयार झाले नाहीत, आणि तो प्रकल्प काही उभा राहिला नाही.

वडखळ ओलांडून आम्ही खाडीच्या रस्त्याला लागलो तो दिवस 13 जानेवारीचा, पौषी पौर्णिमेचा. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आईची तशी आज्ञा आहे. "गावाची लाज चव्हाट्यावर कशाला?" असे ती म्हणते. लाज कसली ते गावी पोचल्यावर कळले. तिच्या वडिलांचे शेत जिथे होते तिथे शेत नव्हतेच. डोक्याएवढी तिवरे दाट माजली होती, आणि त्यांच्या मुळांतून खाडीचे पाणी सावकाश आत-बाहेर करीत होते. बांध कुठे होता हे कळायला एकच खूण उरलेली, भेंडीचे एक म्हातारे झाड.

ही तिवरे आता तोडता येत नाहीत. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला मनाई केली. तेही योग्यच आहे, कारण वादळवाऱ्यात किनारा राखतात ती तिवरेच. पण सातबाऱ्यावर शेत आणि डोळ्यांसमोर जंगल, अशा माणसाने काय करायचे, याचे उत्तर मला त्या बांधावर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

मला वाटले होते, आई रडेल. ती रडली नाही. भाच्याने तिला खुर्ची टाकून दिली, तीवर बसून ती त्या झाडाकडे पाहत होती. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. मी साठीला आलो, पण ती तोवर मी ऐकली नव्हती.

तिचे लग्न गावातच, दोन घरे पलीकडे ठरले होते. साखरपुडा झाला होता. त्या वर्षी उधाणाला त्या भेंडीपाशी खांड गेली. तिचे वडील आणि गावचे पंधरा-वीस गडी रात्रभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पेंढ्याचे भारे नि चिखल टाकीत होते. पहाटे बांध पुरता गेला. तीन वर्षे पीक नाही म्हटल्यावर दोन्हीकडे खायचे वांधे. लग्न मोडले नाही, नुसते राहून गेले. आणि मग लालबागहून गिरणीत काम करणाऱ्या एका मुलाचे स्थळ आले. तेच माझे वडील.

"त्या रात्री चिंबोरीनं भोक पाडलं नसतं," आई म्हणाली, "तर तू इथंच चिखलात खेळला असतास. कदाचित तू नसतासच."

आता परतावे म्हणून भाच्याने गाडी वळवायला घेतली, आणि मागचे डावे चाक रस्त्याच्या कडेच्या मऊ मातीत गेले ते थेट आसापर्यंत. गाडी जड, त्यात पाणी, पलंग, शेगडी आणि सौ. चा फराळ. जितकी जोर करी तितकी रुते. पाच-पन्नास माणसे जमली. प्रत्येकाचा सल्ला निराळा. शेवटी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निकाल दिला, "सकाळी ट्रॅक्टर आणू. आज रात्री ऱ्हावा हितंच."

आई गाडीच्या दारात बसून हसत होती. "जावई असता तर सोडला असता मातीनं. लेकीला कशी सोडेल?"

साठ-बासष्ट वर्षांनी ती माहेरी रात्र काढणार होती! तिरप्या गाडीत, पलंगाच्या एका बाजूला उशा लावून, पण माहेरी.

संध्याकाळी काठी टेकत एक म्हातारी आली. डोळ्यांना जाड चष्मा. गाडीच्या पायरीपाशी उभी राहून आत निरखीत म्हणाली, "काय गो बाय, वलखलंस का मना?"

यानंतर तासभर काय बोलणे झाले ते मला निम्मे कळले नाही. जन्मभर लालबागी मराठी बोललेली माझी आई एकदम 'मला'चे 'मना' म्हणू लागली. बाहेर पोरांनी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मडके उपडे ठेवून वर पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा वाफेवर शिजतात. ज्या मुलखात पाण्याला मोल, तिथे हा पदार्थ का रुजला असावा असा एक पांडित्यपूर्ण विचार माझ्या मनात आला, पण शेंगा पुढ्यात आल्यावर तो गेला. खाडीतला जिताडा मात्र पौर्णिमेमुळे आमच्या नशिबी नव्हता. त्या दिवशी आई मासे खात नाही आणि कुणाला खाऊही देत नाही.

बोलता बोलता मैत्रीण सांगून गेली की नळाला पाणी चार दिवसांनी आले होते, आता कधी येईल ते नळाला ठाऊक. आईने मला हाक मारली.

"टाकीत किती आहे रे?"

"अर्ध्याच्या वर असेल."

"हिला दोन हंडे भरून दे."

"आई, आपल्याला अजून दोन दिवस..."

"तिच्या डोंगरातलं आहे ते. आपण फिरवून आणलं इतकंच. दे."

भाच्याने तोटी सोडली. मैत्रिणीचा नातू हंडे घेऊन आला. म्हातारीने ओंजळीत थोडे घेऊन चाखले, आणि "ग्वाड हाय" म्हणाली. हेटवण्याचे पाणी उलव्याला जाऊन, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या नळातून उतरून, टेम्पोत बसून पुन्हा हेटवण्याच्या पायथ्याशी आले होते.

मध्यरात्री मला जाग आली. बाहेर टिपूर चांदणे. दूर डोलवीच्या पोलाद कारखान्याचे दिवे. भरती पुरी चढली होती, आणि पाणी रस्त्यापासून दोन हातांवर येऊन नुसते चमकत होते. खरे सांगतो, मला भीती वाटली. मी आत वळून पाहिले. आई जागीच होती.

"चढेल का गं?"

"नाही. आता उतरेल. पौर्णिमेला एवढंच येतं."

तिने कुशी बदलली आणि ती झोपली. मी काही झोपलो नाही. अर्ध्या तासाने पाणी खरोखरच उतरू लागले.

सकाळी ट्रॅक्टर आला, गाडी निघाली. पैसे विचारले तर गृहस्थ म्हणाले, "गावच्या लेकीकडून पैसे घेतात का?" तिळाचे लाडू मात्र सगळे संपले.

पुढचा प्रवास नागोठण्यावरून रोह्याचा. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाची कथा नव्याने सांगण्यात अर्थ नाही. 2011 साली सुरू झालेले ते काम कसे रेंगाळले हे कोकणात गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला ठाऊक आहे. फिरत्या घरात तर फळीवरचा प्रत्येक डबा त्याची साक्ष देतो. नागोठण्याला अंबेवर निजामशाहीच्या काळचा अरुंद दगडी पूल आहे, तो दुरूनच पाहिला.

कोलाडला कुंडलिका भेटली आणि आईने गाडी थांबवायला लावली. जानेवारी महिना, आणि नदी दोन्ही थड्या भरून खळाळत चाललेली! कोकणातल्या नद्या दिवाळीनंतर आटतात, हा आईचा अनुभव. मी तिला सांगितले की हे पाणी घाटावरचे. वर मुळशीला टाटांनी धरण बांधले, तिथले पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला आणून 1927 पासून वीज काढली जाते, आणि कामातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते. पुढे डोलवहाळला ते अडवून कालव्यांनी शेतांना देतात. सकाळी वरून पाणी सुटले की तरुण मंडळी रबरी होड्यांतून साज्यापासून खाली उतरतात. ती मौज त्या वेळी चाललेलीच होती. भाच्यालाही मोह झाला. आजीने डोळे वटारले.

"मुळशीच्या लोकांचं काय झालं?" तिने विचारले.

मी सांगितले. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. शेतकरी तुरुंगात गेले. धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली.

आईने भाच्याचा हात धरून काठावर येऊन पाण्यात बोटे बुडवली. प्यायली नाही. डोळ्यांना लावली.

रोहे हे मला फार आवडलेले गाव. औद्योगिक वसाहत धाटावला, म्हणजे जराशी बाजूला; मुख्य गाव नदीकाठी अजून शांत आहे. ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात. चिंतामणराव देशमुखांचे बालपण या भागातले. 1912 साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. 1952 साली कुलाब्यातूनच ते लोकसभेवर निवडून आले आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. आई म्हणाली, "गिरणीतले सगळे तेव्हा त्यांचं नाव घ्यायचे. तुझे वडील सांगायचे." स्वाध्यायाचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्मही इथलाच, 1920 सालचा. अवचितगड आणि घोसाळगड मात्र खालूनच पाहावे लागले. कॅम्परव्हॅन गड चढत नाही, आणि ब्याऐंशी वर्षांची आईही नाही.

परतताना कोलाडच्या स्थानकाजवळ कोकण रेल्वेच्या सपाट डब्यांवर मालमोटारी चढवलेल्या दिसल्या. 1999 पासून इथून मालमोटारी अशा आगगाडीत बसून गोव्याला जातात. आईला ती कल्पना भारी आवडली. आमच्या सहलीनंतर, त्याच वर्षीच्या ऑगस्टात घरच्या मोटारींसाठीही तशी सेवा सुरू झाली. ती बातमी वाचून दाखवली तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे घर गाडीत आणि गाडी गाडीत! मग माणसानं करायचं काय?"

उलव्याला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गाडीच्या चाकांवर, पाख्यांच्या आत खारेपाटाचा चिखल वाळून दगड झाला होता. गाडी मित्राला स्वच्छ करून द्यायची म्हणून भाच्याने खाली रबरी नळी लावली आणि धार सोडली. आम्ही नुकतेच वर आलो होतो. आईने पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. ती तशीच गॅलरीत गेली आणि चौथ्या मजल्यावरून तिने जी हाक मारली ती सगळ्या इमारतीने ऐकली.

"नळ बंद कर रे! बादली घे! हेटवण्याचं पाणी आहे ते!"